दोष फक्त स्थलांतरित पक्ष्यांचा नाही

वर कुणीतरी म्हटलंय की स्थलांतरित पक्ष्यांना तळ्यावरून हाकलून लावलं की बर्ड फ्लू थांबेल, ते मला अजिबात पटत नाही. रानबदकं हा व्हायरस पोटात घेऊन फिरतात हे खरंय, बऱ्याचदा ती स्वतः आजारीही दिसत नाहीत आणि विष्ठेतून तो पाण्यात सोडत राहतात, थंड पाण्यात तर तो कित्येक दिवस टिकतो. पण मुळात त्यांच्यात असतो तो बहुतेक वेळा सौम्य प्रकार, त्यातला एच५ किंवा एच७ गटातला व्हायरस कोंबड्यांच्या दाटीवाटीच्या शेडमध्ये शिरला आणि एकीकडून दुसरीकडे पसरत राहिला की तिथे तो जीवघेणा होऊ शकतो. आत्ताच्या एच५एन१ चं, म्हणजे बर्ड फ्लूच्या अशाच एका जीवघेण्या प्रकाराचं, मूळ १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँगमधल्या पाळीव हंसांमध्ये सापडलं, आणि २००५ मध्ये चीनमधल्याच छिंगहाई तलावावर हजारो रानपक्षी त्यानेच मेले. म्हणजे हे पक्षीसुद्धा बळीच आहेत ना! हाकलले तर ते उलट पांगतात आणि व्हायरस नव्या ठिकाणी नेऊ शकतात.

त्यापेक्षा शेडला बारीक जाळी लावा, तळ्याचं पाणी तसंच कोंबड्यांना पाजू नका, सांडलेलं खाद्य लगेच उचला कारण त्यावरच बाहेरचे पक्षी येतात, आणि शेडमध्ये जायचे बूट वेगळे ठेवा, हे तर सगळ्यात महत्त्वाचं, चिखलातली विष्ठा आपल्याच पायांनी आत जाते. मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकांना कळवा.