संत पास्कल बायलोन : पुरोहित नसूनही साक्रामेंत परिषदांचे आश्रयदाते कसे?

प्रश्न : १९६४ साली मुंबईत ओव्हल मैदानावर भरलेल्या ज्या जागतिक साक्रामेंत परिषदेला (पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीच्या भक्तीसाठी भरणाऱ्या कॅथलिक मेळाव्याला) पोप सहावे पॉल आले होते, तशा परिषदांचे आश्रयदाते (संरक्षक संत) संत पास्कल बायलोन आहेत. ते पुरोहित नव्हते. मग हा मान त्यांना कसा मिळाला?

उत्तर १ : पोप तेरावे लिओ यांनी १८९७ मध्ये तो दिला. पास्कल यांचा जन्म १५४० मध्ये स्पेनमधील तोर्रेएर्मोसा येथे झाला. मेंढपाळ असताना रानात मिस्सेची (पुरोहित चर्चमध्ये ही भाकर अर्पण करतात त्या उपासनेची) घंटा ऐकू आली, की ते तिथेच गुडघे टेकत असत, असे परंपरा सांगते. पुढे फ्रान्सिस्कन मठात धर्मबंधू (पुरोहित नसलेला व्रतस्थ) म्हणून त्यांनी द्वारपालाचे व स्वयंपाकघरातले काम केले आणि रात्रीचे तास पवित्र साक्रामेंतापुढे घालवले. माझ्या मते, मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार नसलेल्या माणसाची निवड हेच येथे महत्त्वाचे आहे.

उत्तर २ : एक भर घालतो. त्यांचा जन्म पेन्टेकॉस्टच्या (ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या, पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या) सणाला झाला, म्हणून पास्कल हे नाव. स्पॅनिशमध्ये ईस्टरप्रमाणे या सणालाही ‘पास्कुआ’ म्हणतात. १५९२ मध्ये विल्यार्रेआल येथे त्यांचा मृत्यूही त्याच सणाला झाला. १६९० मध्ये त्यांना संतपद मिळाले; त्यांचा सण १७ मे रोजी असतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. द्वारपालाचा तपशील मला ठाऊक नव्हता.