मशीन परत पेटीत गेली हाय

बाळू: कोणी जागं हाय का? बाबानं आजबी दीड वाजता मास्क उपसून फेकला. ती सीपॅप मशीन, झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कातून दाबानं हवा सोडते ती, पेटीत भरून कपाटावर ठेवली. म्हणे पाच क्विंटल कापसाचे पैसे या भोंग्यात गेले, अन् झोपबी गेली.

शीतल (नागपूर): आत्ता ड्युटीवरून आले. किती रात्री झाल्या?

बाळू: सहावी. पयल्या रात्री चाळीस मिनिटं, काल दोन तास. बरोबर दीडलेच उठते.

शीतल (नागपूर): पाचव्या रात्री दोन तास म्हणजे वाईट नाही रे. झोपेच्या तपासणीच्या रिपोर्टचा फोटो टाक परत.

बाळू: (फोटो)

शीतल (नागपूर): एएचआय 42. म्हणजे झोपेत तासाला 42 वेळा श्वास थांबतो नाहीतर अर्धवट होतो. निदान 10 सेकंद अडला तरच तो मोजतात. 30 च्या वर गेलं की तीव्र. रक्तातला ऑक्सिजन 71 टक्क्यांपर्यंत उतरला होता. मोठेबाबांना हे कोणी समजावून सांगितलं का, की नुसतं "घोरणं बंद होईल" म्हणून मशीन हातात दिली?

मोठीआई: घोरन्याचं मले काई नाई वो. थांबते ना, तवा मी उठून बसतो. वीस वर्सं झाले.

मंगलाआत्या: 🙏 रात्री झोपताना नाकात गाईचं तूप दोन थेंब. घोरणं कायमचं बंद. दहा जणांना पाठवा.

शीतल (नागपूर): आत्या, मास्क लावायचा असेल तर तेल-तूप नको. तेलकट चेहऱ्यावरून मास्क सरकतो आणि त्याचं सिलिकॉन लवकर खराब होतं. तोंड साध्या पाण्यानं धुवून पुसायचं, बस.

अमोल (पुणे): भोंगा म्हणणं चुकीचं नाही हं. 1980 साली सिडनीत डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी पहिल्यांदा हे करून पाहिलं, तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरचीच मोटर वापरली होती.

मंगलाआत्या: अमोल, तू झोप बाप्पा.

दिग्रसचे जावईबापू: राम राम. मले आता हे चौथं वर्स. कापसाचा टेम्पो जिनिंगले नेताना दारव्ह्याच्या रस्त्यानं डोळा लागला होता, गाडी कडूलिंबाले घासली, तवा तपासलं. पयला महिना मीबी असाच फेकत होतो. मामाजी, गोऱ्ह्याले आपण पयल्याच दिवशी वखराले जुंपतो का? आधी नुसतं जू ठेवतो मानेवर अन् वाड्यात फिरवतो. तसंच करा. संध्याकाळी बातम्या पायता पायता मास्क लावून बसा, हवा चालू ठेवा, पंधरा-वीस मिनिटं. झोपायचं नाई. चार-सहा दिवसात नाकाले समजते का ही हवा आपल्याले मारून नाई रायली. दुसरं, रॅम्प म्हणून बटन हाय ते दाबा. मंग हवा हळूहळू वाढते, आपण झोपी जाईपर्यंत कमीच रायते. अन् पट्टे आवळू नोका. बाळू, तू आवळले असशील.

बाळू: लय आवळले. हवा डोळ्यात जात होती म्हणून.

दिग्रसचे जावईबापू: बसूनच घातला असशील. खाटेवर निजवून, हवा चालू करून, मंग पट्टे बसव. निजल्यावर चेहरा बदलते. गालावर वळ उठला का समजायचं जास्त झालं.

शीतल (नागपूर): आणि मिशीतून गळत असेल. मोठेबाबांची मिशी म्हणजे पोळ्याच्या बैलाची झूल.

मोठेबाबा: मिशी नाई काढनार.

शीतल (नागपूर): नका काढू. फक्त नाकपुड्यांना टेकणारा छोटा मास्क असतो, त्याला मिशीची अडचण कमी. पण तोंड उघडं राहत असेल तर हवा तोंडावाटे निघून जाते. मोठीआई, तोंड उघडं राहतं का?

मोठीआई: आ वासून. पन शीतल, दुसरं आयक. रात्री त्याइच्या नाकावरून पानी गयते. मी हात लावला तं थंडगार. नळीत गुडगुड वाजते, हुक्क्यावानी. मंग झाडून फेकते मास्क.

बाळू: आई हे तू मले काहून नाई सांगितलं??

मोठीआई: तू विचारलं का?

शीतल (नागपूर): अरे हेच ते दीड वाजताचं! मशीनच्या टाकीतलं पाणी गरम होतं, हवा ओली होऊन निघते, आणि तुमच्या कवेलूच्या खोलीत डिसेंबरात नळी गार पडलेली. आत दव जमतं आणि थेट नाकावर. बाळू, ओलाव्याचा आकडा किती ठेवला?

बाळू: 5. दुकानवाल्यानं ठेवला तसाच.

शीतल (नागपूर): 2 कर. नळीला काहीतरी गुंडाळ. मशीन उशीपेक्षा खाली ठेव, म्हणजे पाणी मागे टाकीत जाईल.

मोठीआई: माह्या जुन्या लुगड्याची खोळ शिवतो नळीले.

बाळू: खाली कुठं ठेवू? त्याच खोलीत कापूस भरला हाय छातीएवढा. फिल्टर पाय. (फोटो)

दिग्रसचे जावईबापू: हा फिल्टर हाय का वात?

शीतल (नागपूर): बापरे. ही रुई मशीन रोज ओढून घेतेय. हा धुण्याचा नाही, टाकून नवा लाव. आणि मोठेबाबांची खाट कापसापासून हलवा, दुसऱ्या खोलीत गेली तर उत्तमच. टाकीत पाणी कोणतं?

बाळू: बोअरचं, गाळून.

शीतल (नागपूर): म्हणून तळाशी पांढरं बसलंय. मेडिकलवरून डिस्टिल्ड वॉटर आण. रोजचं उरलेलं सकाळी फेकायचं. मास्कची उशी, म्हणजे चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग, रोज साध्या साबणानं धुवायची, सावलीत वाळवायची.

मोठेबाबा: शनवारी माही जागल हाय. हरबऱ्यात डुक्कर पडून रायले. तिथं लाइन कुठं?

बाळू: फवारणी पंपाची बॅटरी हाय ना, तिच्यावर जोडू का?

शीतल (नागपूर): मुळीच नको!! अडॅप्टरवर 24 व्होल्ट लिहिलंय, तुझी बॅटरी 12 ची. कंपनीचं वेगळं कन्व्हर्टर लागतं. घरची लाइन गेली तर इन्व्हर्टर चालेल, पण तेव्हा पाणी तापवणं बंद ठेव, वीज तिथंच जास्त जाते.

दिग्रसचे जावईबापू: मामाजी, रातच्याले ओलित करून दुपारी निजता ना? तवाबी लावायची. श्वास काई घड्याळ पावून अडत नाई.

(गुरुवार)

बाळू: खाट देवघराच्या खोलीत नेली. मशीन पाटावर, खाली. लुगड्याची खोळ. स्क्रीनवर 4 तास 20 मिनिटं.

शीतल (नागपूर): वा! पाणी?

बाळू: नाई आलं. दीडले उठला नाई. साडेतीनले उठला, म्हणे पोटात हवा भरली, ढेकर देत बसला.

शीतल (नागपूर): काहींना होतं तसं, हवा गिळली जाते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांग, दाब बदलायचा की नाही ते पाहतील. आपण मनानं आकडे फिरवायचे नाहीत. मशीनमधलं कार्ड सोबत ने, रोजचा हिशोब त्यात असतो.

मोठीआई: मास्कच्या भोकातून हवा निघते ते सारी माह्या कानात. रातभर फुंकर. मी बाजू बदलली.

मंगलाआत्या: वहिनी, तूप कानात टाका.

दिग्रसचे जावईबापू: ते भोकं बुजवू नोका मात्र. सोडलेला श्वास तिथूनच भायेर जाते.

(शुक्रवार)

बाळू: 5 तास 5 मिनिटं. मिशी दोन बोटं कमी दिसून रायली, मी काई बोललो नाई.

मोठेबाबा: बाळू, उद्याच्या जागलीले तू जाजो. टॉर्च चार्ज करून ठेव.

बाळू: हाव.