सल्ला हवा: ब्रिटिश सिव्हिल सर्व्हिसमध्ये डेटा सायंटिस्ट, अर्ज कोणत्या पातळीवर करावा?

लीड्सकर_मुग्धा

नमस्कार मंडळी. डिपेंडंट व्हिसावर लीड्सला आहे, पासपोर्ट भारतीय. पुण्यात एका बँकेच्या रिस्क अ‍ॅनालिटिक्समध्ये सहा वर्षं काम केलंय: पायथन, एसक्यूएल, क्रेडिट स्कोअरकार्ड (कर्जदाराची पत मोजणारं मॉडेल). शेवटची दोन वर्षं हाताखाली तिघं होते. इथल्या सरकारी जाहिराती वाचून डोकं भंजाळलंय. 'सिनिअर डेटा सायंटिस्ट' हेच पद एका खात्यात एसईओ, दुसऱ्यात ग्रेड ७ (या पदश्रेणी). मुळात भारतीय नागरिकाला ही नोकरी मिळते का? मिळत असेल तर मी कुठे बसते? आणि अर्जातले ते २५० शब्दांतले 'बिहेव्हिअर' (आपण कसं काम केलं याची उदाहरणं) लिहायचे तरी कसे? मुलाखतीत मशीन लर्निंग किती खोलात विचारतात, तेही सांगा.

टेम्सकाठचा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, मिळते. ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांसोबत राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांनाही बहुतेक पदं खुली आहेत, आणि भारत राष्ट्रकुलात आहे. अट एवढीच की काम करण्याचा हक्क तुमच्याकडे हवा. तुमच्या व्हिसावर तो आहे. फक्त 'रिझर्व्ह्ड' म्हणून जाहीर केलेली पदं ब्रिटिश नागरिकांपुरती असतात. तसं जाहिरातीत लिहिलेलं असतं.

अडतं ते सुरक्षा तपासणीपाशी, म्हणून जाहिरात उघडली की आधी ती ओळ वाचा. बीपीएसएस ही सगळ्यांना लागणारी किमान तपासणी: ओळख, कामाचा हक्क, तीन वर्षांचा नोकरीचा इतिहास, गुन्हे नोंद. त्यावरच्या अधिक कडक तपासण्यांपैकी सीटीसीला साधारण तीन वर्षं ब्रिटनमध्ये वास्तव्य अपेक्षित, एससीला पाच, डीव्हीला दहा. गृह आणि संरक्षण खात्यांतल्या बऱ्याच डेटा पदांना एससी लागते. नुकत्याच आलेल्या माणसाने तिथे वेळ घालवू नये. फक्त बीपीएसएस मागणारी पदं गाळून घ्या.

बीपीएसएसमध्येही एक खाच आहे. गेल्या तीन वर्षांत सहा महिने किंवा अधिक काळ परदेशात असाल तर त्या काळाचा हिशेब द्यावा लागतो, म्हणजे भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागू शकतात. उच्चायुक्तालयामार्फत इथूनही अर्ज करता येतो, पण वेळ लागतो. जुन्या बँकेचं रिलिव्हिंग लेटर आणि एचआरचा चालू ईमेल पत्ता आत्ताच मिळवून ठेवा. निवड झाल्यावर रेफरन्स न मिळाल्याने महिनोन्‌महिने रखडलेली प्रकरणं पुष्कळ.

गोटू_गणिती

पातळीचं बघू. इथे दोन शिड्या शेजारीशेजारी उभ्या आहेत आणि सगळा गोंधळ त्यातून होतो.

पहिली शिडी ग्रेडची, खालून वर: ईओ, एचईओ, एसईओ, ग्रेड ७, ग्रेड ६ आणि वर एससीएस (सर्वात वरिष्ठ अधिकारी). पगार, रजा, अधिकार सगळं हिच्यावर ठरतं.

दुसरी कौशल्यांची. सरकारच्या डिजिटल अँड डेटा प्रोफेशनने एक कॅपेबिलिटी फ्रेमवर्क छापलंय, गव्ह डॉट यूके वर सगळ्यांना मोफत वाचायला. त्यात डेटा सायंटिस्टच्या पायऱ्या आहेत: ट्रेनी, ज्युनिअर, डेटा सायंटिस्ट, सिनिअर, प्रिन्सिपल (काही जाहिरातींत अजून 'लीड') आणि हेड. प्रत्येक पायरीला प्रत्येक कौशल्य कुठल्या दर्जाचं हवं तेही दिलंय. दर्जे चार: अवेअरनेस, वर्किंग, प्रॅक्टिशनर, एक्सपर्ट.

दुसरी शिडी पहिलीला कुठे टेकवायची हे प्रत्येक खातं आपापलं ठरवतं. म्हणून 'सिनिअर' एका ठिकाणी एसईओ आणि दुसरीकडे ग्रेड ७. पदनावाकडे बघूच नका, ग्रेड बघा. स्कॉटिश गव्हर्नमेंटची जाहिरात आली तर तिथे अक्षरं वेगळी: बी२ म्हणजे एचईओ, बी३ एसईओ, सी१ ग्रेड ७.

चार दर्जांचा व्यवहारातला अर्थ असा लावा. अवेअरनेस: गोष्ट काय आहे आणि का लागते ते सांगता येतं. वर्किंग: नेहमीचं काम स्वतः करता येतं, अडलं तर विचारता. प्रॅक्टिशनर: इतर लोक अडले की तुमच्याकडे येतात आणि पद्धत तुम्ही ठरवता. एक्सपर्ट: खात्याने काय पाळावं हे तुम्ही लिहिता. सिनिअरला बहुतेक कौशल्यांत प्रॅक्टिशनर धरतात. आपल्याकडून जाणारे लोक इथेच घसरतात. आठ वर्षं पायथन लिहिलं म्हणजे आपण प्रॅक्टिशनर असं त्यांना वाटतं. वर्षांना गुण नाहीत. तुमच्या कोड रिव्ह्यूमुळे दुसऱ्याचं काम कसं बदललं, याला आहेत.

तुमचं बोलायचं तर एसईओ हे लक्ष्य ठेवा, ग्रेड ७ च्या एखाददुसऱ्या जाहिरातीवर प्रयत्न करा, आणि एचईओला जाऊ नका.

सांख्यिकी_सदाशिव

एचईओ नको, याला जोर देऊन अनुमोदन. 'आधी आत शिरू, मग चढू' हा हिशेब इथे चुकतो. सिव्हिल सर्व्हिसमध्ये वर्षांवर बढती नाही. वरचं पद जाहीर व्हावं लागतं आणि त्यासाठी आतल्यांनाही नव्याने अर्ज-मुलाखत. बाहेरून येणाऱ्याला सहसा पगारपट्ट्याच्या तळाशी घेतात आणि आत आल्यावर पट्ट्यातल्या पट्ट्यात सरकायला वाव फारच कमी. त्यामुळे प्रवेशाचा ग्रेड चुकला की ते बरीच वर्षं भोवतं. काही खाती डिजिटल-डेटा पदांना वेगळा भत्ता देतात. तो कौशल्यांच्या मूल्यांकनावर ठरतो आणि पेन्शनला धरतात की नाही हेही खात्यागणिक बदलतं, तेव्हा विचारून घ्या.

बँकेच्या पगाराशी तुलना करताना पेन्शन विसरू नका. सिव्हिल सर्व्हिसच्या 'अल्फा' पेन्शन योजनेत दरवर्षीच्या पेन्शनपात्र पगाराच्या २.३२ टक्के इतकं वार्षिक पेन्शन जमा होतं, आणि नोकरीदाता २८.९७ टक्के भरतो. खासगीत एवढं सहसा कोणी देत नाही. हातात येणारा पगार मात्र खासगीपेक्षा कमी असेल, त्याची तयारी ठेवा.

अक्षरवेल

आता बिहेव्हिअर. २०१८ पासून भरती 'सक्सेस प्रोफाइल्स' पद्धतीने होते. एकूण नऊ बिहेव्हिअर्स आहेत, जाहिरातीत त्यातले दोन ते चार निवडलेले असतात. प्रत्येकाला १ ते ७ गुण, ४ म्हणजे पास. अर्ज फार आले तर फक्त 'लीड बिहेव्हिअर' वाचून चाळणी लावतात. तो कोणता हे जाहिरातीत दिलेलं असतं, अर्धा वेळ त्यावरच घाला.

एचईओ आणि एसईओ यांचे बिहेव्हिअरचे निकष एकच आहेत, तसेच ग्रेड ७ आणि ग्रेड ६ यांचेही एकच. एसईओसाठी नीट लिहिलेलं उदाहरण ग्रेड ७ च्या अर्जात तसंच चिकटवलं तर ३ गुणांवर पडतं. तिथे तुमच्या टीमबाहेरच्या लोकांवर काय परिणाम झाला ते शोधतात.

२५० शब्दांची वाटणी अशी: प्रसंग आणि जबाबदारी मिळून ५०, तुम्ही काय केलंत याला १५०, परिणाम ५०. बहुतेक अर्जांत हे उलटं असतं, पार्श्वभूमीतच १२० शब्द खर्च. एका बिहेव्हिअरला एकच प्रसंग. तुमचं एखादं वाक्य इथे टाका, बघू.

लीड्सकर_मुग्धा

इतकं सविस्तर! आभार. 'डिलिव्हरिंग अ‍ॅट पेस'साठी हे लिहिलंय (अर्ज इंग्रजीतच आहे, इथे मराठीत देते): "नियामकाच्या मुदतीपूर्वी आम्ही स्कोअरकार्ड नव्याने तयार केलं. विविध विभागांशी समन्वय साधला, अडचणींवर मात केली आणि काम वेळेत पूर्ण केलं."

अक्षरवेल

२ गुण. का ते सांगते. 'आम्ही' म्हटल्यावर परीक्षकाला तुम्हाला गुण देताच येत नाहीत. 'समन्वय साधला' म्हणजे नेमकं काय केलं? कोणती अडचण? 'वेळेत' म्हणजे किती दिवस आधी किंवा नंतर?

याच जागी असं काही हवं (आकडे आणि तपशील नमुन्याचे, तुमचे खरे घाला): "मुदतीला सहा आठवडे उरले असताना एका स्रोतातल्या नोंदी दुबार येत असल्याचं मला दिसलं. मी दोन पर्याय मांडले: स्रोत दुरुस्त होईपर्यंत थांबणं, किंवा दुबार नोंदी नियमाने काढून त्याची मर्यादा अहवालात लिहिणं. दुसरा निवडला, कारण पहिल्यात मुदत नक्की चुकली असती. रोज सकाळी पंधरा मिनिटांची बैठक लावली आणि दोन कमी महत्त्वाचे आलेख वगळण्यासाठी वरिष्ठांची संमती घेतली." यात निर्णय आहे, कारण आहे, काय सोडलं तेही आहे. गुण या तीन गोष्टींना मिळतात.

अर्ज नाव झाकून तपासले जातात. मजकुरात स्वतःचं नाव, वय, कॉलेजचं नाव येऊ देऊ नका. आणि चॅटबॉटकडून लिहून घेतलेली उदाहरणं एका छापाची असतात, तपासणाऱ्याला ती दुसऱ्या ओळीला कळतात. दुसऱ्याचा मजकूर स्वतःचा म्हणून दिला तर अर्ज बाद, हे बहुतेक जाहिरातींत लिहिलेलंच असतं.

गोटू_गणिती

शेवटचा प्रश्न मशीन लर्निंगचा. तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी. बहुतेक ठिकाणी दहा मिनिटांचं सादरीकरण असतं: 'तुमचा एक प्रकल्प तांत्रिक नसलेल्या श्रोत्यांना समजावा'. त्यानंतर प्रश्न. काही खाती कोडिंगचं छोटं काम आधी पाठवतात. ग्रेडियंट बूस्टिंग (गुंतागुंतीचं मॉडेल) वापरलं म्हटलंत की पहिला प्रश्न, 'लॉजिस्टिक रिग्रेशन (साधं, समजावायला सोपं मॉडेल) का नाही?' दुसरा, 'हे मंत्र्याला दोन वाक्यांत सांगा.' तिसरा, 'हा आकडा चुकला तर कोणाचं नुकसान?' स्कोअरकार्डवालीला हे सोपं जावं. मॉडेलचा निर्णय समजावून सांगणं हा तुमचा रोजचाच उद्योग होता, तेच पुढे करा.

वजन असतं ते दर्जा तपासणीला, आणि त्यामागे इतिहास आहे. २०१२ मध्ये वेस्ट कोस्ट रेल्वेचं कंत्राट सरकारला रद्द करावं लागलं. महागाई धरलेल्या आणि न धरलेल्या आकड्यांचा मॉडेलमध्ये घोळ झाला होता. त्यातून सरकारी मॉडेल्सच्या दर्जाचा मॅकफरसन आढावा झाला आणि २०१५ मध्ये ट्रेझरीने (अर्थखात्याने) विश्लेषण तपासण्याची मार्गदर्शिका 'अ‍ॅक्वा बुक' काढलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या कोविड आकडेवारीतून १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजायचे राहिले. प्रयोगशाळांच्या फाइल जुन्या एक्सएलएस साच्यात ओतल्या जात होत्या. त्या साच्यात ६५,५३६ ओळींपुढे जागा नाही, एका रुग्णाच्या अनेक ओळी, आणि उरलेल्या ओळी मुकाट्याने गळाल्या. 'हे कसं टाळलं असतं' याचं उत्तर तयार ठेवा: आत आलेल्या आणि बाहेर पडलेल्या ओळींची संख्या प्रत्येक टप्प्यावर ताडून बघणारी चाचणी, फरक पडला की पाइपलाइन थांबणार. एवढं नेमकं बोललात की पॅनेल सरसावून बसतं.

तयारीला हे पुरे: 'अ‍ॅक्वा बुक'चा जबाबदाऱ्यांचा भाग (काम करणारा, तपासणारा, सही करणारा वेगवेगळे का), ओएनएसचं (राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं) 'डक बुक' म्हणजे विश्लेषणाच्या कोडच्या दर्जाविषयीची मार्गदर्शिका, आणि 'रॅप' (रिप्रोड्युसिबल अ‍ॅनालिटिकल पाइपलाइन्स) ही पद्धत. रॅपचा गाभा: एक्सेलमधली कॉपी-पेस्ट बंद, सगळं कोडमध्ये, गिटमध्ये, दुसऱ्याने तपासलेलं आणि एका आज्ञेत पुन्हा चालणारं. गिटहबवर एक लहानशी उघडी रेपो ठेवा. ओएनएसचा कुठलाही खुला डेटा घ्या, तीन-चार फंक्शन, प्रत्येकाला पायटेस्ट (पायथनमधली आपोआप चालणारी चाचणी), आणि गृहीतकं लिहिलेली रीडमी. नोटबुकांचा ढीग नको. आणि बँकेचा कोड तिथे चुकूनही नको!

आरबद्दल: अनेक खात्यांत पायथनइतकंच आर चालतं, जुन्या कोपऱ्यांत एसएएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअरही. आर वाचता आलं तरी पुरतं.

टेम्सकाठचा

नैतिकता आणि गोपनीयता हेही फ्रेमवर्कमधलं एक कौशल्य आहे. 'जीडीपीआर (माहिती-संरक्षण कायदा) पाळतो' एवढ्याने भागत नाही. छोट्या गटांचे आकडे का दडपतात ते सांगता आलं पाहिजे. एखाद्या वॉर्डात एखाद्या आजाराचे दोनच रुग्ण असतील तर त्यातला एक दुसऱ्याला ओळखतो. एकच खाना दडपला तर बेरजेतून वजा करून तो परत काढता येतो, म्हणून दुसराही दडपावा लागतो किंवा सगळे आकडे राउंड-ऑफ करावे लागतात. २०२० मध्ये परीक्षा रद्द झाल्यावर ए-लेव्हलचे (शालान्त) गुण ठरवायला वापरलेल्या वादग्रस्त अल्गोरिदमबद्दलही वाचून जा, हमखास निघतो.

पिंपळपान

मध्येच विचारते. मी नाशिकहून थेट अर्ज केला तर? आणि एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) डेटा सायंटिस्टच्या जागा याच का?

टेम्सकाठचा

नाशिकहून कठीण. खातं व्हिसा स्पॉन्सर करतं की नाही हे जाहिरातीत असतं. 'स्पॉन्सरशिप नाही' लिहिलं असेल तर अर्जाचा उपयोग नाही, आणि बरीच खाती तसंच लिहितात.

एनएचएसचं वेगळं. ती सिव्हिल सर्व्हिस नाही. पगार 'अजेंडा फॉर चेंज' या एनएचएसच्या पगाररचनेतल्या बँडवर ठरतो. नऊ बिहेव्हिअर्स नाहीत, जाहिरातीसोबत 'पर्सन स्पेसिफिकेशन' येतं आणि त्यातल्या प्रत्येक 'आवश्यक' मुद्द्याला पुरावा द्यावा लागतो. तेच मुद्दे, त्याच क्रमाने उपशीर्षकं करून लिहा. चाळणी करणाऱ्याच्या हातात तोच तक्ता असतो. एनएचएस इंग्लंड आरोग्य खात्यात विलीन करणार असं मार्च २०२५ मध्ये जाहीर झालंय, त्यामुळे तिथे अर्ज करताना पद कोणाकडे जाणार हे आधी विचारा.

लीड्सकर_मुग्धा

ठरलं. फक्त बीपीएसएस, एसईओ, लीड बिहेव्हिअर आधी. एकच राहिलं: मुलाखतीत पास झाले पण पद दुसऱ्याला गेलं तर सगळं पाण्यात?

सांख्यिकी_सदाशिव

पाण्यात नाही. किमान गुण मिळाले असतील तर नाव राखीव यादीत राहतं, सहसा १२ महिने. त्या काळात तशाच पदाची जागा निघाली की पुन्हा मुलाखत न घेता विचारतात, कधी दुसऱ्या खात्यातूनही. त्यासाठी अर्जात जागेची पसंती विचारतात तिथे फक्त लीड्स टाकू नका. जाणं-येणं शक्य असेल तर शेफील्ड, मँचेस्टरही टाका. मात्र आठवड्यातले साधारण ६० टक्के दिवस कार्यालयात जावं लागतं, रेल्वेचा पास धरून हिशेब करा. ईमेलचा स्पॅम फोल्डरही बघत जा. राखीव यादीतून विचारणा झाली की उत्तराला मोजके दिवस देतात, नाहीतर पुढच्या नावाकडे जातात.