स्कूटीवर पुढे उभं केलेलं पोर: तुमचं मत काय?

कर्वेनगरची आई: बालवाडी भरायच्या वेळी कुठल्याही फाटकाशी उभं राहून बघा. बाबांच्या डोक्यावर आयएसआयचं हेल्मेट, आणि पुढे फूटबोर्डवर उभ्या पोराच्या डोक्यावर फार तर माकडटोपी! फेब्रुवारी २०२३पासून नियम आहे. चार वर्षांच्या आतल्या मुलाला चालकाशी जोडलेला सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किमीच्या आत हवा. चार वर्षांवरच्यांना हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं. माझं म्हणणं सरळ आहे: हे नसेल तर मूल गाडीवर घ्यायचं नाही. शाळा जवळ असेल तर चालत न्या.

नाशिककर भटक्या: ताई, चालायला फुटपाथ दाखवा आधी. आणि रिक्षात कोंबलेली पोरं सुरक्षित का? पट्ट्याचं तर मला मुळीच पटत नाही. गाडी आडवी झाली की बापाला बांधलेलं पोर त्याच्याच अंगाखाली जाणार. सुटं असेल तर निदान बाजूला तरी पडेल.

हाडवैद्य नव्हे डॉक्टर: भटक्या, "बाजूला पडेल" म्हणजे कुठे? मागून येणाऱ्या टेम्पोपुढेच ना? शिवाय पुढे उभं असलेलं मूल सुटं नसतंच. करकचून ब्रेक लागला की त्याची हनुवटी हँडलवर आपटते आणि पाठीवर तुमचं सगळं वजन येतं. त्यासाठी गाडी पडायचीही गरज नाही. वेग २० असला तरी दात, जीभ, जबडा जायला पुरेसा आहे. म्हणून पोराला मागे बसवा.

डोंबिवलीची आजी: मागे बसवा म्हणणं सोपं आहे हो. दुपारी सुटल्यावर पोरं पेंगतात. मागे बसलेलं पेंगलं तर कळतसुद्धा नाही, म्हणून सून पुढे घेते. पट्टा खरा त्या पेंगण्यासाठी लागतो, अपघाताचं नंतर. आणि मागच्या चाकात पाय जाणार नाही असं जाळीचं कव्हर आहे का, तेही बघा. पायातली चप्पलसुद्धा पट्ट्याची हवी.

गिअरविना: किल्लीचं कोणीच बोलत नाही! गाडी चालू ठेवून बाबा फाटक उघडायला उतरतात आणि पुढे उभं पोर अ‍ॅक्सिलरेटर पिळतं. गाडी सुसाट, पोर तिच्यावर. यात रस्ता, सरकार, टेम्पो, कोणाचाच दोष नाही. आधी इंजिन बंद, मग मूल उतरवायचं, आपण शेवटी.

नाशिककर भटक्या: किल्लीचं मान्य, एकदम मान्य. पण तीन वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाचं हेल्मेट घालायचं? मान मोडेल.

कर्वेनगरची आई: मोठ्याचं घालायला कोण सांगतंय? लहान मापाचं मिळतं. या वयाला सायकलचं प्रमाणित हेल्मेटही नियमात चालतं, ते हलकं असतं. फक्त हनुवटीखालचं बक्कल लावा. बक्कल न लावलेलं हेल्मेट पोराच्या आधी रस्त्यावर पोचतं.

नाशिककर भटक्या: सायकलचं चालतं हे आमच्या चौकातल्या हवालदाराला कोण सांगणार? असो, हेल्मेट बघतो. पट्ट्यावर मात्र मी अजून तिथेच आहे. डॉक्टर, मागे बसवून पट्टा बांधला आणि गाडी डावीकडे घसरली, तर पोराचा पाय कुठे असेल, एवढं सांगा.