डिझाइनचं बिल किती, हातात किती? गावाकडच्या डिझायनरांचे अनुभव

लग्नपत्रिका, फ्लेक्स, कृषी केंद्राची पत्रकं करणाऱ्या विदर्भातल्या भावांनो-तायांनो, कुठं काय कापलं जाते आणि परत कसं मिळते, ते आकड्यांसह लिहा. आकडे आर्थिक वर्ष 2025-26 आणि नवीन करप्रणालीचे धरू.

दारव्हा (नागपूरच्या एजन्सीची कामं)
टीडीएस (बिलाचे पैसे देताना समोरच्यानं आधीच कापून सरकारकडं भरलेला कर) कापला म्हणजे पैसे बुडाले नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं करा. एका एजन्सीकडून वर्षात 60,000 चं डिझाइन झालं, की 50,000 ची मर्यादा ओलांडल्यामुळं कलम 194जे खाली पूर्ण रकमेवर 10 टक्के जातात. हातात 54,000. पॅन दिला नसेल तर थेट 20 टक्के.

डिझाइन न् छपाई एकाच ओळीत लिहाल, तर कागद-शाईच्या खर्चावरही 10 टक्के कापून येते. तो खर्च तुम्ही आधीच खिशातून केलेला असतो. म्हणून दोन वेगळी बिलं फाडा.

जूनमध्ये आयकर पोर्टलवर 26एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टीडीएसची यादी) उघडून पाहजा. 6,000 दिसत नसतील, तर एजन्सीच्या अकाउंटंटला टीडीएस रिटर्नमध्ये टाकलेला तुमचा पॅन वाचून दाखवायला सांगा. एक अक्षर चुकलं तरी रक्कम तुमच्या नावावर दिसत नाही. दुरुस्तीचं रिटर्न त्यांनाच भरावं लागते. एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत असेल तर या कमाईवर कर शून्य, सगळे 6,000 परत. पण आयटीआर (आयकर रिटर्न) भरला आणि बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट असलं तरच.

आर्वी
दादा, एक भर. ठरावीक व्यवसायांसाठीच्या आयकर कलम 44एडीएच्या यादीत ग्राफिक डिझायनर असं नाव नाही. निम्मी जमा नफा दाखवायची सवलत आपली आहेच, असं धरून चालू नका. मुख्य धंदा फ्लेक्स-छपाईचा असेल तर छोट्या धंद्यांसाठीचं कलम 44एडी पाहा : यूपीआय-बँकेच्या जमेवर किमान 6 टक्के, रोखीवर 8 टक्के नफा. त्यासाठी धंद्याचं खातं वेगळं ठेवा.

वरुड
घरी संत्रा आहे त्यांच्यासाठी. शेतीचं उत्पन्न करमुक्त, पण ते 5,000 च्या वर गेलं की आयटीआर-4 (44एडीवाल्यांचा सोपा फॉर्म) चालत नाही, आयटीआर-3 लागतो. सातबारा वडिलांच्या नावावर असेल तर ते उत्पन्न त्यांचं, तुमच्या रिटर्नमध्ये टाकू नका.

मोर्शी (प्रेसमध्ये नोकरी)
पगार 18,000, त्यात मूळ 12,000. पीएफ 1,440, ईएसआय (कामगार आरोग्य विमा) 135, व्यवसाय कर 200. हातात 16,225. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापतात. महिलांना 25,000 पगारापर्यंत तो माफ आहे. तरी कापत असतील तर ताईंनो, पगारपत्रक घेऊन मालकाला विचारा.

मूल
वर्षाची जमा 20 लाखांच्या आत असेल तर सेवेवर जीएसटी नोंदणी लागत नाही, ग्राहक पुण्या-हैदराबादचा असला तरी. नोंदणी नसताना बिलात 18 टक्के मात्र लावू नका.