दहावीनंतर रोटरी यूथ एक्स्चेंज, मुलीला पाठवावं का?

सातारची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी दहावीला आहे, स्टेट बोर्ड. शाळेच्या पालक ग्रुपवर परवा नोटीस आली की इथल्या रोटरी क्लबने यूथ एक्स्चेंजसाठी नावं मागवलीत, वर्षभर परदेशात राहायचं आणि तिथल्या शाळेत जायचं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिला जर्मनी हवंय, सासूबाई म्हणतात एवढीशी पोर परक्याच्या घरी कशी राहील, आणि ह्यांचं म्हणणं अकरावीचं वर्ष फुकट जाणार. आमच्यात कोणीच रोटरीत नाही, मग चान्स असतो का? आणि तिकडचं मूल आपल्या घरी ठेवावं लागतं म्हणतात ते खरं का?

कोथरूडकर
ताई, आम्ही मुलाला पाठवलंय आणि तिकडची मुलगी घरी ठेवूनही घेतलीय. रोटरीत नसलात तरी चालतं, फॉर्मला क्लबची शिफारस लागते एवढंच. राहणं, जेवण, शाळा याचे पैसे घेत नाहीत, वर तिकडचा क्लब महिन्याला थोडा पॉकेटमनीही देतो. विमान तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स मात्र आपलं, शिवाय रोटरी डिस्ट्रिक्टची (म्हणजे आसपासच्या क्लबांच्या गटाची) फी असते, ती आधी लेखी मागून घ्या.

होस्टिंगचं म्हणाल तर हो, इथून एक जातो तेव्हा तिथून एक येतो, त्यामुळे पाठवणाऱ्या घराला बहुतेक विचारतातच. वर्षभर एकाच घरी नसतात, तीन-चार घरं बदलतात. आमच्याकडे ब्राझीलची मुलगी होती. पहिले काही दिवस नुसता भात खायची, मग गणपतीत मोदक वळायला बसली ती उठेचना. पण खरं सांगते, वेगळी खोली नसली तरी चालेल, घरात वेळ असणारं कोणीतरी हवं. दोघंही रात्री आठला घरी येत असाल तर त्या मुलीचे हाल होतात.

परत_आलेली
काकू मी दहावीनंतर जर्मनीला गेले होते, म्युन्स्टरजवळच्या एका गावात. आधीच सांगते, पहिले दोन-तीन महिने जड जातात, वर्गात सगळं जर्मनमध्ये, काही कळत नाही आणि संध्याकाळी जेवायला थंड ब्रेड-चीज, कारण बऱ्याच घरी गरम जेवण दुपारीच होतं. रोज रात्री घरी फोन करायचे आणि त्याने उलट जास्त रडू यायचं, शेवटी होस्ट आईनेच सांगितलं की फोन रविवारी कर, आणि मला रोज सायकलवरून बेकरीत पाठवायला लागली, तिथे बोलावंच लागायचं. डिसेंबरपर्यंत मी स्वप्नंसुद्धा जर्मनमध्ये बघत होते. तिला आत्तापासून भाषा सुरू करू द्या, ए१, म्हणजे अगदी पहिली पातळी, झालं तरी खूप फरक पडतो. नियम कडक असतात: दारू नाही, ड्रग्ज नाही, गाडी चालवायची नाही, डेटिंग नाही. मोडला तर सरळ घरी पाठवतात, तर आजींना हे नक्की सांगा.

जुकॉ_मास्तर
वर्षाबद्दल मी सांगतो. तिकडच्या शाळेच्या वर्षावर आपली अकरावी पास धरली जाईल असं समजू नका, परत येऊन अकरावीपासून सुरू करायचं हे धरूनच चाला. मुलं साधारण ऑगस्टमध्ये जातात आणि पुढच्या जून-जुलैमध्ये येतात. आपल्याकडे 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन आहेत, त्यामुळे तारखा चुकवू नका, ती तिकडे असली तरी फॉर्म इथून भरा. गॅप अॅफिडेव्हिट, म्हणजे मधलं वर्ष का गेलं याचं प्रतिज्ञापत्र, लागेल. दहावीची मार्कशीट आणि दाखल्याच्या कॉपी स्कॅन करून स्वतःकडे ठेवा. माझ्या मते पाठवायचंच तर दहावीनंतरच, बारावीच्या मध्ये अजिबात नको, सीईटी-नीटवाल्यांची फार ओढाताण होते. एक वर्ष उशिरा इंजिनियर झालं म्हणून काही अडत नाही.

सातारची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, ह्यांना मास्तरांचा मेसेज वाचून दाखवला, जरा विचारात पडलेत. अजून एक, आमच्याकडे एक एजंट म्हणतो पाच लाख द्या, सिलेक्शन पक्कं. तो काय प्रकार?

कोथरूडकर
एक रुपया देऊ नका. रोटरीची माणसं हे काम व्हॉलंटियर म्हणून करतात, इंटरव्ह्यू क्लब आणि डिस्ट्रिक्ट घेतं, त्यात एजंटचं काय काम? थेट तुमच्या क्लबच्या यूथ एक्स्चेंज ऑफिसरला भेटा. आणि इथे नाही झालं तर एएफएस ही दुसरी संस्था बघा, ते शाळकरी मुलांचं एक्स्चेंज 1947 पासून करतायत. भेटायला जाताना मुलीला सोबत न्या, सगळे प्रश्न तिलाच विचारू द्या, इंटरव्ह्यूत तेच बघतात.