मदत हवी: १९७२ची फियाट डिलाइट घरीच उभी करतोय, जुने पार्ट कुठे शोधू?

मंडळी, नमस्कार.

तासगावला मामांच्या गोठ्यात बरीच वर्षं पडून असलेली फियाट ११०० डिलाइट ओढून मिरजेला आणली आहे. आरसी मामांच्या नावावर आहे. मामा ठणठणीत आहेत आणि 'चालू करून दाखव, मग तुझ्या नावावर करून देतो' म्हणालेत.

अवस्था सांगतो. इंजिन जाम. छप्पर, बॉनेट आणि दारांचा वरचा पत्रा चांगला आहे, पण ड्रायव्हरच्या पायाखाली थेट जमीन दिसते, दारांखालच्या पट्ट्या सडल्यात आणि डिकीच्या तळाला बोट लावलं की पापुद्रे निघतात. गोठ्यातली ओल, दुसरं काय होणार! वायरिंग उंदरांनी संपवलं. स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा चारही गिअर घेतो, पण बुश गेल्यामुळे नुसता खुळखुळतो.

ब्रेकचे सिलिंडर, क्लच प्लेट, किंगपिन यांची फारशी काळजी नाही. याच गाडीची पुढे पद्मिनी झाली आणि ती २०००च्या आसपासपर्यंत कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत होती. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तो माल बाजारात खेळता ठेवला. घोडं अडलंय ते दर्शनी वस्तूंवर. डिलाइटची पुढची जाळी वेगळी, पद्मिनीची वेगळी, आणि माझ्याकडे जाळी अर्धीच उरली आहे. मागच्या दिव्यांच्या काचा नाहीत, दारांवरच्या क्रोमपट्ट्या नाहीत. पुण्याच्या जुन्या बाजारात पद्मिनीचे व्हीलकप ढिगाने दिसले, डिलाइटचं काही नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवरचा एक दुकानदार म्हणाला, काळ्यापिवळ्या संपल्या तसा मालही आटला. खरंच आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली.

आता इचलकरंजीजवळ एक जण अख्खी पद्मिनी विकतोय. इंजिन फिरतं, पण कागद नाहीत, 'पार्टसाठी घ्या' म्हणतो. घ्यावी का? तिचंच इंजिन माझ्या गाडीत बसवावं, की माझं कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन बोअर करावं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून घासून मोठे करून घ्यावेत? आणि गाडी पन्नाशी ओलांडलेली असल्यामुळे व्हिंटेज नोंदणी करावी का? मला ती शोभेला ठेवायची नाही. रविवारी बायकापोरांना घेऊन नरसोबाच्या वाडीला जाता आलं पाहिजे.

— मिरजकर_११००

पाना_दहाबारा:
कागद नसलेल्या गाडीला हातसुद्धा लावू नका. चोरीची निघाली तर सुटे पार्ट घरात ठेवणंही महागात पडेल. मालकाला आधी आरसी रद्द करून घ्यायला सांगा, मग बोला. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद लागते, आणि बेवारस इंजिनाची नोंद कोण करून देणार?

तुमचं इंजिन जाम आहे म्हणजे मेलं आहे असं नाही. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं-अर्धं मिसळून सोडा आणि आठवडाभर विसरून जा. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळूहळू मागेपुढे करा. स्टार्टर अजिबात मारू नका, आणि टोचनवर गिअर टाकून ओढू तर नकाच. पिस्टनच्या रिंगा तुटतात. सुटलं तरी हेड उतरवून बोअर मोजून घ्या. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५, त्यातूनच १०८९ सीसी होतात. झीज किती ते कळल्यावरच ओव्हरसाइज पिस्टन शोधा. लोक उलटं करतात, आधी मिळतील ते पिस्टन घेतात आणि मग त्या मापाला बोअर करायला सांगतात.

सातारी_मावशी:
आमची डिलाइट यातून गेली आहे म्हणून सांगते. जाळी मिळत नाही म्हणून काम थांबवू नका. अर्धी आहे ना? तेवढी पुरे. चांगला पत्राकाम करणारा तिच्यावरून उरलेली घडवतो, मग क्रोम करून घ्यायची. क्रोमवाल्याकडे देताना प्रत्येक तुकड्याचा फोटो काढा आणि मोजून द्या, बारीक पट्ट्या तिथे हरवतात. दिव्यांच्या काचांसाठी चोरबाजारात शुक्रवारी जा, पण सोबत जुनी काच किंवा कागदावर काढलेला आकार हवा. 'फियाटचीच आहे' हे तिथे सगळ्याच काचांबद्दल सांगतात.

पत्र्याचं म्हणाल तर सडका भाग कापूनच काढा. वरून पुट्टी भरून देणारे खूप भेटतील, पहिल्या पावसाळ्यात फुगतं. आणि तळ कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे टेकू वेल्ड करून घ्या, नाहीतर बॉडी बसते आणि नंतर दारं लागत नाहीत. मग डेंटर दारालाच ठोकत बसतो.

पाना_दहाबारा:
मावशींचं टेकूचं बरोबर. अजून एक, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोलपंपाचा पडदा नवा घाला, इथेनॉलला टिकणारा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्याने जुनं रबर फुगतं नाहीतर तडकतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन्महिने टाकी भरून उभी ठेवू नका.

कागदपत्री:
व्हिंटेज नोंदणी तुमच्या कामाची नाही. २०२१च्या नियमाप्रमाणे ती पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना मिळते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राखता येतो, हे चांगलं. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. वाडीला दर्शनाला नेणं त्यात बसत नाही. नोंदणीच्या नेहमीच्या नूतनीकरणालाच जा. ते मात्र गाडी स्वतःच्या चाकांवर तपासणीला उभी राहिल्याशिवाय होणार नाही, म्हणून ब्रेक आणि दिवे आधी, रंग शेवटी.

मिरजकर_११००:
सगळ्यांचे आभार. इचलकरंजीवाल्याला आरसीचं विचारलं, तो 'बघतो' म्हणाला आणि आता फोन उचलत नाही. तीन प्लग काढले आहेत, चौथा भोकातच अडकलाय. त्यावर कुणाकडे उपाय आहे का?

पाना_दहाबारा:
जोर लावू नका, हेड अॅल्युमिनियमचं आहे, आटे निघून येतील. गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर ठेवा. सकाळी आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग उलटं.